लाबादीचे कुंपण

माझ्या पारपत्रावर हैती देशाचा शिक्का नाही. तरीही त्या देशाच्या भूमीवर मी एक दिवस काढलेला आहे. सकाळी नऊला उतरलो आणि दुपारी चारच्या आत बोटीवर परतलो, म्हणजे फार तर सात तास. त्या सात तासांत मी समुद्रात डुंबलो, माडांच्या सावलीत आरामखुर्चीवर पडलो, भाजलेले मक्याचे कणीस खाल्ले, आणि एका गृहस्थाशी घासाघीस करून एक लाकडी वाडगा विकत घेतला. हैती मात्र पाहिली नाही. ती पाहायची असते हेच मुळी त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही, आणि याची खंत वाटावी असे माझ्याकडे एक कारण आहे. तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. त्यात दरवर्षी न चुकता फ्रेंच राज्यक्रांती शिकवली.

ही गोष्ट २०१७ च्या डिसेंबरातली. मुलगी व जावई अमेरिकेत असतात. त्यांनी आम्हा उभयतांना फ्लॉरिडाहून निघणाऱ्या एका प्रचंड बोटीवरून आठवडाभर कॅरिबियन समुद्रात फिरवून आणण्याचा घाट घातला. बोट कसली, पाच हजारांवर प्रवाशांचे तरंगते गावच ते! वाटेत दोन-तीन बेटांवर एकेक दिवसाचा मुक्काम. त्यातला एक लाबादीचा. छापील पत्रकात लाबादीविषयी पानभर मजकूर होता. पाच लहान-मोठे किनारे, समुद्रावरून तारेला लोंबकळत सुसाट जाण्याची सोय, मुलांसाठी पाण्याचे खेळ, दुपारचे जेवण बोटीच्या खर्चात. हैती हा शब्द त्या पानावर होता, पण एखाद्या औषधाच्या बाटलीवर घटकद्रव्ये छापतात तशा बारीक अक्षरांत.

सकाळी डेकवर आलो तेव्हा बोट धक्क्याला लागली होती. समोर हिरवेगार डोंगर थेट समुद्रात उतरलेले. कोकणात वाढलेल्या माणसाला हा देखावा परका वाटत नाही. २००९ साली बांधलेल्या लांबलचक काँक्रीटच्या धक्क्यावरून चालत आम्ही किनाऱ्यावर आलो. ढोलकी वाजवणारे व गाणारे स्थानिक लोक स्वागताला उभे होते. वाळू पांढरी, पाणी काचेसारखे स्वच्छ. एका लहानशा खाडीला कोलंबसचे नाव दिलेले. त्याच बाजूला आम्ही खुर्च्या मांडल्या.

आमच्या भोजनगृहात वाढणारा एक मुलगा रत्नागिरीकडचा होता. अशा बोटींवर गोव्याची, कोकणाची, मुंबईची मुले बरीच असतात. पहिल्याच रात्री आमचे मराठी ऐकून तो हरखला होता आणि "काका, उद्या वरणभात करायला सांगू का?" असे विचारून गेला होता. त्यालाही त्या दिवशी चार तासांची मोकळीक होती. तो वाळूतून चालताना दिसला तेव्हा मी त्याला हाक मारली आणि सहज विचारले, "काय रे, पलीकडे गाव आहे म्हणतात. जाऊन यायचे का?"

तो हसला. म्हणाला, "काका, पलीकडे नाही जाता येत. कुंपण आहे. मी या किनाऱ्यावर तीस-पस्तीस वेळा उतरलो असेन, पण हैती काही पाहिलेली नाही."

मग माझेही लक्ष गेले. झाडीच्या मागे, डोंगराच्या कडेने, खरोखरच कुंपण होते आणि त्याच्या फाटकाशी पहारेकरी होते. ही जागा म्हणजे एका जहाजकंपनीने हैती सरकारकडून भाड्याने घेतलेली भूशिरावरची पट्टी. १९८६ पासून तिच्या बोटी इथे येऊ लागल्या आणि भाडेपट्टा २०५० पर्यंतचा आहे. शेजारच्या खऱ्या गावाचे नावही लाबादीच. सतराव्या शतकात इथे येऊन राहिलेल्या ला बादी नावाच्या फ्रेंच सरदारावरून ते पडले म्हणतात. कंपनीने त्या नावाच्या शेवटची फ्रेंच अक्षरे बदलून इंग्रजी जिभेला सोपी अशी घातली आणि ते नवे स्पेलिंग आपल्या नावे नोंदवून घेतले. म्हणजे गाव एका अक्षराचे, किनारा दुसऱ्या अक्षराचा, आणि मध्ये तारेचे कुंपण.

घरी परतल्यावर मी नकाशा उघडला. मास्तरकीची खोड जात नाही. तो नकाशा पाहताना मला जे कळत गेले ते सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या खुर्च्यांपासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर आक्यूलचा उपसागर आहे. १४९२ च्या डिसेंबरात कोलंबसाने तिथे नांगर टाकला होता. तिथून पूर्वेकडे निघाल्यावर नाताळच्या रात्री त्याची 'सांता मारिया' ही नौका आजच्या कॅप हैतियन शहराजवळ वाळूत रुतून फुटली. ग्वाकानागारी नावाच्या ताइनो प्रमुखाने आपली माणसे व होड्या पाठवून तिच्यावरचा माल उतरवण्यास मदत केली. त्याच नौकेच्या लाकडांतून कोलंबसाने एक गढी उभारली, तीत ३९ माणसे ठेवली आणि तो स्पेनला परतला. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात येऊन पाहतो तो गढी जळालेली, माणसे मेलेली. कोलंबसाची या गोलार्धातली ही पहिली वस्ती वर्षभरही टिकली नाही. परंतु ताइनोंचे नशीब त्याहून वाईट होते. रोगराई, वेठबिगार व कत्तल यांनी काही दशकांतच तो समाज जवळजवळ नाहीसा झाला. त्यांच्या भाषेतला एक शब्द मात्र उरला. हैती, म्हणजे डोंगराळ भूमी.

१६९७ च्या तहाने या बेटाचा पश्चिमेकडील भाग फ्रान्सकडे आला. त्याचे नाव सँ-दोमिंग. शंभर वर्षांच्या आत ती जगातली सर्वांत किफायतशीर वसाहत झाली. १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी सुमारे ६० टक्के एवढ्याशा भूभागातून जात असे. ही साखर पिकवण्यासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम राबत होते, आणि गोरे होते जेमतेम तीस-चाळीस हजार. गुलाम इतक्या लवकर मरत की ती पाच लाखांची संख्या राखण्यासाठी दरवर्षी हजारोंनी नवे आणावे लागत. लाबादीच्या डोंगरापलीकडे जे कॅप हैतियन शहर आहे ते त्या काळचे कॅप फ्रान्से. नाटकगृहे, दगडी वाडे, रुंद रस्ते यांमुळे त्याला अँटिलीजमधले पॅरिस म्हणत.

आणि इथे माझ्या शिकवण्यातली उणीव येते. १७८९ साली पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असे त्यात म्हटले, हे मी मुलांकडून घोकून घेत असे. त्याच फ्रान्सच्या राज्यात त्या दिवशी पाच लाख माणसे विकत घेतलेली होती हे मी कधी सांगितले नाही. सांगणार कुठून? पाठ्यपुस्तकात ते नव्हते, आणि पुस्तकाबाहेर पाहण्याची मला गरज वाटली नव्हती.

त्या जाहीरनाम्याचा अर्थ ज्यांनी पूर्णपणे घेतला ती माणसे आक्यूलच्या उसाच्या मळ्यांवर होती. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री बूकमन नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली तिथल्याच मळ्यांतून उठाव सुरू झाला. काही आठवड्यांत उत्तरेकडचे शेकडो मळे जळाले. नोव्हेंबरात बूकमन मारला गेला, पण वणवा विझला नाही. १७९३ साली वसाहतीतल्या फ्रेंच आयुक्तांना गुलामगिरी रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या प्रतिनिधिसभेने ते मान्य केले. म्हणजे समतेचा धडा पॅरिसने सँ-दोमिंगला दिला असे म्हणण्यापेक्षा सँ-दोमिंगने तो पॅरिसला पुरा करायला लावला, असेच म्हणावे लागते.

पुढची कथा तूसाँ लूव्हेर्त्यूरची. कॅपजवळच्या एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस सेनापती झाला, सबंध वसाहतीचा कारभारी झाला. नेपोलियनला ते सहन झाले नाही. १८०२ च्या आरंभी त्याचा मेहुणा लक्लेर्क मोठे आरमार घेऊन कॅपसमोर आला. शहराची किल्ली देण्याऐवजी तिथला अधिकारी आंरी क्रिस्तोफ याने शहराला आग लावली. आरंभ स्वतःच्या घरापासून केला असे सांगतात. तूसाँला पुढे दगाफटक्याने पकडून फ्रान्सला नेले. जुराच्या डोंगरातल्या एका थंडगार किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी तो मेला. परंतु सँ-दोमिंगच्या किनाऱ्यावर फ्रेंच सैन्याची वाट एक वेगळाच शत्रू पाहत होता. तो म्हणजे पीतज्वर. उन्हाळा सुरू होताच सैनिक पटापट मरू लागले. नोव्हेंबर १८०२ मध्ये लक्लेर्कही गेला. अखेर १८ नोव्हेंबर १८०३ रोजी कॅपच्या वेशीवर, व्हेर्तिएर येथे, देसालीनच्या सैन्याने फ्रेंचांचा निर्णायक पराभव केला. १ जानेवारी १८०४ रोजी नव्या राष्ट्राचा जन्म झाला, आणि त्याने आपल्यासाठी ताइनोंचे जुने नाव निवडले. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र स्थापन केले आणि टिकवले, असे इतिहासातले हे एकच उदाहरण.

वाचकांना वाटेल, किनाऱ्यावरच्या सहलीच्या लेखात हा रक्तपात कशाला? त्याचे उत्तर असे, की हे सारे त्या किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडले. ज्या उबदार किनाऱ्यावर लक्लेर्कचे सैनिक मेले त्याच उबेसाठी आज माणसे पैसे मोजतात. कॅरिबियनचा किनारा ही एकेकाळी युरोपीयाला मृत्यूची जागा वाटे. १९०० साली हवाना येथे पीतज्वर डासांमुळे पसरतो हे प्रयोगाने सिद्ध झाले आणि मग ही भीती ओसरू लागली. त्याआधीच जमैकातली केळी अमेरिकेला नेणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपल्या बोटींतून थोडे हौशी प्रवासीही न्यायला सुरुवात केली होती. विमाने आल्यावर प्रवासी बोटींचे दिवस संपणार असे वाटत असतानाच १९६६ पासून मायामीहून नुसत्या सहलीसाठी बोटी नियमित निघू लागल्या. पण बंदरात उतरले की भिकारी, फेरीवाले, दारिद्र्य दिसते. सहलीचा रसभंग होतो. त्यावर तोडगा निघाला तो स्वतःच्या मालकीच्या किनाऱ्याचा. १९७७ साली एका कंपनीने बहामातले एक चिमुकले बेट घेतले, आणि लाबादी याच पंथातली. सहल आयोजित असते म्हणजे नेमके काय आयोजित असते, हे मला उशिरा कळले. काय दिसावे याबरोबरच काय दिसू नये याचीही तीत आखणी असते.

जे दिसले नाही त्यात सर्वांत मोठे होते ते क्रिस्तोफचे दुर्गबांधकाम. लाबादीच्या दक्षिणेला सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवर, मिलो गावाच्या वर, सुमारे तीन हजार फूट उंचीच्या डोंगरमाथ्यावर तो प्रचंड किल्ला उभा आहे. १८०५ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८२० पर्यंत ते चालले. हजारो माणसांनी दगड आणि तोफा खांद्यांवरून व दोरखंडांनी वर नेल्या. भिंती काही ठिकाणी सव्वाशे फुटांपर्यंत उंच आहेत. त्या मजुरांना सक्तीने राबवले गेले आणि त्यात कित्येक मेले, हेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्याच्या किल्ल्याचे दगडही बिनबोभाट वर चढलेले नाहीत. फ्रेंच पुन्हा येतील या एकाच धास्तीपोटी हा दुर्ग बांधला गेला. १९८२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. डोंगरावर किल्ला आहे म्हटल्यावर मराठी माणसाचे पाय शिवशिवतात. माझेही शिवशिवले, पण नकाशावर बोट ठेवून, घरी बसून.

फ्रेंच खरोखर परत आले. मात्र त्यांना किल्ल्यावर चढून यावे लागले नाही. क्रिस्तोफने १८२० साली स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. १८२५ च्या जुलैत दहाव्या चार्ल्स राजाचा हुकूमनामा घेऊन चौदा युद्धनौका हैतीच्या किनाऱ्यावर आल्या. हुकूमनाम्यात होते ते असे: फ्रान्स तुमचे स्वातंत्र्य मान्य करील, परंतु आमच्या मळेवाल्यांचे जे नुकसान झाले त्याबद्दल १५ कोटी फ्रँक द्या. या नुकसानीत जमिनी होत्या तशीच माणसेही होती. म्हणजे जे गुलाम स्वतंत्र झाले त्यांनी स्वतःचीच किंमत जुन्या धन्याला चुकती करायची. राष्ट्राध्यक्ष बोआये याने तोफांकडे पाहून सही केली. पहिला हप्ता ३ कोटींचा. तो द्यायला पैसे नाहीत म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज काढले. त्यातले ६० लाख सावकारांनी दलाली म्हणून आधीच कापून घेतले. १८३८ साली एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली. पण कर्ज फेडण्यासाठी कर्ज, त्यावर व्याज, असे ते गाडे चालतच राहिले. आपल्याकडे कर्जात बुडालेल्या कुळाची जी कथा आहे तीच इथे एका अख्ख्या राष्ट्राची. पुढे हे देणे अमेरिकन पेढीकडे गेले. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय पेढीतून पाच लाख डॉलरांचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले; १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षे देशच ताब्यात ठेवला. त्या मूळ देण्यातून निघालेल्या कर्जांचा शेवटचा पैसा फिटला तो १९४७ साली. आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी हैती आपल्या स्वातंत्र्याची किंमत चुकती करून मोकळी होत होती, आणि स्वतंत्र होऊन तिला १४३ वर्षे झाली होती.

आता त्या वाडग्याविषयी. कुंपणाच्या आतच कारागिरांचा एक बाजार होता. तिथे परवाना मिळालेल्यांनाच बसता येते. एका प्रौढ विक्रेत्याकडे लाकडात कोरलेला सुबक वाडगा होता. त्याने वीस डॉलर सांगितले. मी पाच म्हटले. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, सकाळपासून काही विकले गेले नाही. मी पाठ फिरवून चार पावले चाललो. ही युक्ती आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. त्याने हाक मारली. आठ डॉलरला सौदा ठरला, आणि बोटीवर जाऊन मी तो पराक्रम जावयाला सांगितला. त्या वेळी मला १८२५ ची हकीकत ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर मी बारा डॉलर वाचवले असते का, या प्रश्नाचे उत्तर मी खात्रीने देऊ शकत नाही. बहुधा वाचवले असते, आणि नंतर अस्वस्थ झालो असतो.

लाबादीला जावे की न जावे, हा वाद जुना आहे. १२ जानेवारी २०१० रोजी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ भयंकर भूकंप झाला. मृतांची संख्या एक लाखापासून तीन लाखांपर्यंत वेगवेगळी सांगतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी लाबादीला नेहमीप्रमाणे एक बोट लागली. उत्तरेकडच्या या किनाऱ्याला धक्का पोचला नव्हता. प्रेते अजून ढिगाऱ्याखाली असताना माणसे तिथे पोहत होती म्हणून जगभर टीका झाली. काही प्रवासी बोटीवरून उतरलेच नाहीत. कंपनीचे म्हणणे असे, की त्याच बोटीतून धान्य-पाणी आले आहे, आणि बोट न आली तर इथे काम करणाऱ्या शेकडो लोकांचा रोजगार जाईल. हैती सरकारनेही बोटी याव्यात अशीच इच्छा दर्शवली. मी दोन्ही बाजू पुनःपुन्हा तोलून पाहिल्या. दोन्हींत तथ्य आहे. वाडगेवाल्याला नीतिशास्त्र नको होते, गिऱ्हाईक हवे होते. बोट न लागण्याने त्याचे काही भले झाले नसते. पण कुंपणाने तरी त्याचे काय भले होते? हजारो माणसे बोटीने त्याच्या देशात येत आणि त्याच्या गावच्या चहाच्या दुकानापर्यंतही पोचत नसत. जेवणसुद्धा बोटीतूनच उतरे.

आता तोही प्रश्न उरलेला नाही. २०२१ च्या जुलैत हैतीच्या राष्ट्राध्यक्षांचा खून झाला, राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला, आणि २०२४ पासून बोटींनी लाबादीचा थांबा एकाहून अधिक वेळा रद्द केला. आता कुंपणाच्या आतही शांतता असते, आणि ज्यांचे पोट त्या फाटकावर होते ते बाहेर उभे असतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये, त्या हुकूमनाम्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची एक समिती जाहीर केली. तिने जुन्या खंडणीचा अभ्यास करायचा आहे. पैसे परत देण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही.

रत्नागिरीच्या त्या मुलाचे मध्यंतरी पत्र आले. तो आता दुसऱ्या बोटीवर आहे. मी त्याला उलट टपाली कॅपच्या वरच्या किल्ल्याची हकीकत लिहिली. त्याने लिहिले, "काका, तीस वेळा गेलो तेव्हा कोणी सांगितले असते तर निदान डोंगराकडे तोंड करून तरी उभा राहिलो असतो." हे वाक्य वाचून मला माझ्या वर्गातली तीस वर्षांची मुले आठवली. त्यांनाही कोणी सांगितले नव्हते, आणि तो सांगणारा मी होतो.

वाडगा आमच्या बैठकीत आहे. दिवाळीला त्यात फराळाचे काही ठेवतो. पाहुणे उचलून पाहतात, नक्षीचे कौतुक करतात आणि विचारतात, "कुठला हो?" पूर्वी मी "लाबादीचा" असे सांगत असे. आता हैतीचा म्हणतो, आणि कोणी बसलाच तर पुढचेही सांगतो.